वाफसा

बी कितीही कसदार असले तरी वाफसा आल्यावाचून पेरणी साधत नाही, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. वैद्यकास मात्र हाच धडा फार कष्टाने गिरवावा लागला.

१८९० साली इंग्लंडात वॉल्टर हीप ह्याने अंगोरा जातीच्या सशाचे दोन भ्रूण दुसऱ्या जातीच्या मादीच्या उदरात ठेवले. तिला सहा पिले झाली, त्यांतली दोन अंगोरा! परक्या कुशीत भ्रूण रुजतो, हे सिद्ध झाले. पुढे १९५० मध्ये एम. सी. चँग ह्यांनी सशांवरच दाखवून दिले की, भ्रूणाचे वय आणि गर्भाशयाची तयारी ह्यांचा मेळ नसेल तर भ्रूण जगत नाही.

माणसाच्या बाबतीत पेच निराळाच होता. अधिक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून संप्रेरके द्यावीत, तर त्यांनीच गर्भाशयाचे वेळापत्रक बिघडे. ओल्डहॅम येथे एडवर्ड्स, स्टेप्टो व जीन पर्डी ह्यांनी अखेर संप्रेरकेच सोडली आणि निसर्गक्रमाने पिकलेले एकच बीज घेतले. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली.

त्याच सुमारास कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी ह्यांनी उलट वाट धरली होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांनी संप्रेरके देऊन बीजे मिळविली. पण भ्रूण लगेच गर्भाशयात न ठेवता ५३ दिवस गोठवून राखला आणि पुढच्या एका स्वाभाविक ऋतुचक्रात त्याचे रोपण केले. वाफशाची वाट पाहिली म्हणा ना! ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ जन्मली.

सरकारी समितीने हे खरे मानले नाही. आपले काम परदेशी मांडण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. १९ जून १९८१ रोजी मुखर्जींनी आत्महत्या केली. तीनच वर्षांनी, १९८४ साली, गोठविलेल्या भ्रूणापासून मेलबर्नला मूल जन्मले आणि जगाने ते मानले. आज भ्रूण गोठवून योग्य चक्राची वाट पाहणे ही सर्रास रीत आहे.

१९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेले मूल भारतातले पहिले गणले गेले. त्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या जोडीने वाटा असलेल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार ह्यांनी पुढे मुखर्जींची टिपणे वाचली आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिले की, पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या शिरावरचा तुरा त्यांनी आपल्या हाताने उतरविला. पण तो ज्याला द्यायचा, तो जाऊन सोळा वर्षे लोटली होती.