को-वर्किंग जागांची अंतर्गत रचना (नवी मुंबई)
वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांना टेबल, इंटरनेट आणि बैठकीची खोली भाड्याने देणाऱ्या सामायिक कार्यालयाची मांडणी. ही पद्धत २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग यांनी रूढ केली. नवी मुंबईत तिला पोषक वातावरण आयतेच होते: हे शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने वाशी, बेलापूर येथे रेल्वे स्थानकांच्या जोडीलाच कार्यालयांसाठी जागा बांधल्या.

खरी डोकेदुखी आवाजाची. काचेच्या भिंती नि गुळगुळीत फरशी दिसतात देखण्या, पण एकाचे फोनवरचे बोलणे साऱ्या दालनात घुमवतात. म्हणून छताला ध्वनिशोषक तक्ते, पायाखाली कार्पेटच्या चौकोनी लाद्या आणि कोपऱ्यात एकट्यापुरती फोनची खोली. दुसरी अडचण ओलाव्याची: खाडीकाठच्या दमट हवेत साधे प्लायवूड फुगते. ओल्या छत्र्यांची सोय दाराशीच नसेल, तर जुलैत कार्पेटला कुबट वास सुटतो.

निऑनमधली घोषवाक्ये आणि प्लॅस्टिकच्या वेली आता कुठेही दिसतात. त्यांना वेगळेपण म्हणणे कठीणच. खऱ्या वेगळेपणाचा जवळचा नमुना बेलापुरात आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत लहानशा सामायिक अंगणाभोवती सात-सात घरे बसवली. टेबलांच्या लांबच लांब रांगांऐवजी असे छोटे गट केले, की शेजारी ओळखीचे होतात आणि येण्याजाण्याची वाट कुणाच्या पाठीमागून जात नाही.