अशील म्हणजे मूळ माणूस

पारनेरच्या कोर्टात सकाळी अकराच्या सुमाराला जे शब्द कानावर पडतात, त्यांचं गाव शोधायला निघालं तर अरबस्तान, इराण, काशी आणि लंडन अशी चारही दिशांची वाट धरावी लागते. बांधाचा वाद, वाटपाचा दावा, सातबाऱ्यावर न लागलेलं बहिणीचं नाव, सुपे औद्योगिक वसाहतीत गेलेल्या जमिनीचा मोबदला, अशी कामं घेऊन माणसं येतात आणि तारीख, मुदत, कैफियत, नक्कल, समन्स, वादी, प्रतिवादी हे शब्द घरच्यासारखे वापरतात. त्या गर्दीतल्या एका शब्दाविषयी मला आज लिहायचं आहे. वकिलाकडे काम घेऊन येणाऱ्याला मराठीनं दिलेलं नाव: अशील.

या शब्दाकडे पाहून अनेकांची पहिली समजूत चुकते. 'अ' आणि 'शील' असा संस्कृत विग्रह करून शील नसलेला तो अशील, असं कुणी म्हणतं. कुणाला 'अश्लील' आठवतं. दोन्हींशी त्याचं नातं नाही. शब्द अरबी आहे, मूळ रूप 'असील'. मराठी जिभेला 'सि' आणि 'सी' रुचत नाहीत, तिथं ती 'श' करते. सिपाहीचा शिपाई झाला, सिक्क्याचा शिक्का झाला, सिवायचं शिवाय झालं, फारसीची फारशी झाली. 'माणूस' या आपल्याच शब्दाला ई लागली की 'दर माणशी' होतं. त्याच वळणावर असीलचा अशील झाला.

अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ, मुळी, बुंधा. त्यापासून 'असील' म्हणजे मुळाचा, खऱ्या कुळातला. मराठीतला 'अस्सल' याच घरातला. झुंजीच्या कोंबड्याच्या जातीला असील म्हणतात, तेही यामुळेच. नोंदणी कार्यालयात 'अस्सल दस्त आणा, नक्कल चालणार नाही' असं सांगतात, तेव्हा त्या कागदाचं आणि तो हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचं नाव एकाच मुळातून आलेलं असतं.

पण मूळपणाचा हा अर्थ वकिलाच्या ओटीवर कसा आला? इस्लामी न्यायशास्त्रात 'असील' आणि 'वकील' ही जोडी आहे. ज्याचं काम आहे, ज्याचा हक्क आहे, तो असील. त्यानं ज्याच्यावर ते सोपवलं तो वकील. 'वकील' हा शब्द सोपवणे, भरवसा टाकणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या कोर्टांच्या समन्सात 'असालतन या वकालतन' हजर राहा असं लिहिण्याची जुनी रीत होती: स्वतः या, किंवा वकिलामार्फत या. या जोडीत अशील आधी आहे, वकील नंतर. अशिलाशिवाय वकील या शब्दाला अर्थच उरत नाही.

शेजारच्या हिंदीनं वेगळी वाट घेतली. तिथं वकिलाकडे जाणारा 'मुवक्किल', म्हणजे वकील नेमणारा. हा शब्द 'वकील'च्याच धातूतून निघाला आहे, त्यामुळे माणसाची ओळख वकिलावरून ठरते. मराठीनं मात्र त्याला त्याच्या स्वतःच्या जागेवरून ओळखलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

मराठीतही दुसरे शब्द आहेतच. तालुक्याच्या कोर्टांत आज 'पक्षकार' जास्त ऐकू येतो. 'माझे पक्षकार आजारी आहेत, पुढची तारीख मिळावी' हे वाक्य कुठल्याही कोर्टात मिळेल. शब्द सोयीचा आहे, पण वादीही पक्षकार आणि प्रतिवादीही पक्षकार. त्यात बाजू कळते, नातं कळत नाही. त्याच्या आधीचा, आता जवळजवळ मावळलेला शब्द म्हणजे 'कूळ'. जमीन कसणारा कूळ, सावकाराचा ऋणको कूळ, आणि जुन्या मराठीत वकिलाकडे येणाराही कूळ. १९४८ च्या कूळकायद्यानं यातला पहिला अर्थ कायमचा रुजवला आणि बाकीचे मागे पडले. कूळ म्हटलं की कुणाच्या तरी आश्रयाला असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. वकिलीच्या व्यवहारातून तो शब्द गेला याची मला हळहळ नाही.

कूळ आणि अशील यांतलं अंतर किती, हे पारनेर तालुक्यानं दीडशे वर्षांपूर्वी सोसून पाहिलं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला. (हे सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आज बारामती तालुक्यात आहे. पारनेरचं सुपे वेगळं. नावांमुळे गल्लत होते म्हणून सांगितलं.) तिथून लोण नगर जिल्ह्यात आलं आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावं उठली. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतं, कर्जरोखे, हुकूमनामे हिसकावून घेऊन जाळले गेले.

हा राग कागदांवरच का? चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जे आलं त्यात याचं उत्तर आहे. सावकारांचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत होते. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यानं आंगठा उठवलेलं खत कोर्टापुढे यायचं. समन्स पोचलं की नाही, पोचलं तर समजलं की नाही, तालुक्याच्या गावी जायला पैसे होते की नाही, याचा पत्ता नसायचा. प्रतिवादी गैरहजर, हुकूमनामा मंजूर, पुढं जप्ती. अस्सल खत कोर्टात हजर होतं आणि अस्सल माणूस गैरहजर होता. 'एकतर्फी' हा शब्द आपण आज भांडणातही सहज वापरतो. त्या काळी या तालुक्यात त्याचा अर्थ बैल जाणं, भांडी जाणं आणि शेवटी जमीन जाणं असा होता.

त्यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता, म्हणजे पारनेरलाही लागू होता. खतावर काय लिहिलंय एवढंच पाहून न थांबता मूळ देणं-घेणं काय झालं होतं ते उकरून पाहायचं, अशी जबाबदारी या कायद्यानं न्यायाधीशावर टाकली. खताच्या मागं जायचं, मुळाशी जायचं. दावा कोर्टात येण्यापूर्वी तडजोडीची वाट ठेवली. आणि वकिलीच्या इतिहासात लक्षात राहावी अशी एक तरतूद केली: लहान रकमेच्या कामांत वकिलांना उभं राहायला मनाई, पण शेतकऱ्याची बाजू लंगडी पडतेय असं दिसलं तर कोर्टानं त्याला वकील नेमून द्यायचा. पुढं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

या मनाईचा राग वकिलांनी मानू नये असं मला वाटतं. कायदा करणाऱ्यांना दिसलं होतं की ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याच बाजूला वकील असतो, आणि मग वकील नसलेला माणूस स्वतःच्या कामातही परका होतो. त्याच तरतुदीत वकील नेमून देण्याची सोय आहे, म्हणजे धंद्याला नकार नव्हता. ज्याचं काम त्याचा वकील, हा मूळ अर्थ सांभाळण्याची ती धडपड होती.

त्याच वर्षी पुण्यात एका वकिलानं हा अर्थ जगून दाखवला. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारचा रोष अंगावर घेणं होतं. ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी घेतलं. याच काकांच्या पुढाकारानं १८७० मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली, आणि तिचा सभासद व्हायला किमान ५० माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. 'मुखत्यार' म्हणजे निवडलेला. लोकांच्या वतीनं बोलायचं तर आधी लोकांनी लिहून दिलं पाहिजे, हा वकिलीतला नियम त्यांनी राजकारणात नेला. आपण आजही भांडणात 'तू त्याचं वकीलपत्र घेऊ नकोस' म्हणतो, ते न विचारता दुसऱ्यासाठी बोलणाऱ्यालाच.

वकील शब्दाला याआधी दरबारी रुबाब होता. पेशव्यांचे वकील दिल्लीला, हैदराबादला असत. हिंगणे घराणं दिल्लीच्या वकिलातीसाठीच ओळखलं गेलं. पण तो वकीलही धन्याच्या पत्राबाहेर शब्द देऊ शकत नसे. धनी पुण्यात आणि वकील दिल्लीत, एवढ्या अंतरावरून पत्रं जात, कारण धन्याला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही हा रिवाज होता. आज अशील आणि वकील यांच्यात फार तर पारनेर ते निघोज एवढं अंतर असतं, आणि तरी महिनोन्‌महिने निरोप पोचत नाही. तारीख कोणती, काय झालं, पुढं काय, हे अशिलाला कारकुनाकडून कळतं किंवा कळतच नाही. चांगल्या वकिलीची सुरुवात मला इथं दिसते. प्रत्येक तारखेनंतर दोन वाक्यांत निरोप गेला पाहिजे.

कैफियत हा शब्दही याच कामाचा आहे. अरबीत 'कैफ' म्हणजे कसं. कैफियत म्हणजे कसं घडलं ते. मराठी कोर्टांनी त्याला आणखी साधा सोबती दिला, 'म्हणणे'. 'प्रतिवादीने म्हणणे दाखल करावे.' कुणाचं म्हणणं? अशिलाचं. जुन्या प्रकरणातली छापील वाक्यं उचलून, दाव्यातला प्रत्येक मजकूर 'खोटा व नाकबूल' म्हणून केलेली कैफियत त्या माणसाचं म्हणणं होत नाही. आधी त्याला बसवून, बांध कुठं होता, आंब्याचं झाड कुणी लावलं, वडील गेल्यावर कोण कसत होतं, हे ऐकावं लागतं. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. अशील ज्या भाषेत सांगतो त्याच भाषेत त्याचं म्हणणं लिहिता येतं आणि त्याला वाचून दाखवता येतं. सही घेण्याआधी ते वाचून दाखवणं हा मी वकिलाचा पहिला धर्म मानतो.

कायदाही शब्दाच्या मूळ अर्थाकडे पुन्हापुन्हा आला आहे. अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाला त्याच्या हक्कावर पाणी सोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे २००० मधल्या निकालानं ठरलं. मे २०२४ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्यातून वगळताना न्यायालयानं दिलेलं कारण तर थेट आपल्या शब्दापर्यंत येतं: वकिलाच्या कामावर अशिलाचा प्रत्यक्ष ताबा असतो. म्हणजे अशील दुकानात आलेला ग्राहक नव्हे, आणि कूळही नव्हे. काम त्याचं आहे आणि त्यातला धनी तोच आहे.

म्हणून पारनेरच्या, किंवा कुठल्याही तालुक्याच्या, कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना एक सांगणं. वकीलपत्र कोरं असेल तर त्यावर सही करू नका. त्यात कुठलं काम, कुणाविरुद्ध, कुठल्या कोर्टात हे भरून घ्या आणि त्याची प्रत मागा. दिलेल्या पैशांची पावती घ्या. आपले अस्सल कागद कुणाकडे आहेत याची नोंद घरी ठेवा. वकील लावायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या माणसांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.