फ्लॉरेन्समधील हिमाची मूर्ति

इटलींतील फ्लॉरेन्स हें शहर आर्नो नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. भोंवतालच्या टेंकड्यांवर ऑलिव्हच्या बागा आहेत. हिंवाळ्यांत तेथें पाऊस व धुकें हीं नित्याचींच, परंतु रस्त्यांत गुडघाभर हिम सांचणें ही नवलाची गोष्ट. म्हणूनच १४९४ सालच्या जानेवारीची २० तारीख लुका लांदुच्ची नांवाच्या तेथील एका औषधविक्यानें आपल्या रोजनिशींत टिपून ठेवली. (फ्लॉरेन्सचें वर्ष त्या काळीं २५ मार्चला सुरू होई, त्यामुळें त्या लोकांच्या हिशेबीं साल १४९३ च चालू होतें.) शहरांतल्या वृद्धांतील वृद्धासही अशी हिमवृष्टि आठवत नव्हती, असें तो सांगतो. अहोरात्र हिम पडत राहिलें, आणि वारा असा सुटला होता कीं दुकानें, दारें, खिडक्या कांहींच उघडतां येईना.

ह्या हिमांतून एक मूर्ति निर्माण झाली. लोरेन्झो मेदिची १४९२ च्या एप्रिलांत वारला होता, आणि शहराची सूत्रें त्याचा पुत्र पिएरो ह्याच्या हातीं आलीं होतीं. पिएरोचें वय बाविशीच्या आसपास. लोरेन्झोनें आपल्या वाड्यांत पुत्रवत् वाढविलेला मायकेल अँजेलो हा अठरा वर्षांचा शिल्पी, आश्रयदाता जातांच बापाच्या घरीं परतला होता व स्वतः विकत घेतलेल्या संगमरवरांतून हर्क्युलीजचा पुतळा कोरीत होता. हिम पडतांच पिएरोनें त्याला बोलावून वाड्याच्या चौकांत हिमाची मूर्ति करावयास सांगितलें. ती फार सुंदर झाली, असें व्हासारी लिहितो. ती कोणाची होती, हें मात्र कोणींच लिहून ठेविलें नाहीं. त्याच चौकांत दोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड उभा होता. कांहीं दिवस तरी वितळणारी आणि न वितळणारी अशा दोन कलाकृति एका छपराखालीं नांदल्या.

एवढ्या थोर कलावंताला लहान मुलाचा खेळ सांगितला म्हणून पुढील काळच्या अनेकांनीं पिएरोला दोष दिला आहे. पण हा न्याय पश्चात्‌बुद्धीचा आहे. थोर कलावंत तेव्हां अद्याप व्हावयाचा होता! मायकेल अँजेलोच्या हयातींतच त्याचें चरित्र लिहिणारा कोन्दिवी सांगतो, कीं ह्या मूर्तीनंतर पिएरोनें त्याला पुन्हां वाड्यांत ठेवून घेतलें. पूर्वींची खोली आणि पंक्तीला पूर्वींची जागा दिली. मुलगा थोरांच्या सहवासांत वावरतो असें पाहून बापाची नाराजीही ओसरली, व तो त्याला बरे कपडे करूं लागला. बापाला शिल्पकर्म कमीपणाचें वाटे. त्याचें मन वळविण्यास संगमरवरापेक्षां हिमच उपयोगीं पडलें.

पिएरोची खरी उणीव दुसरीकडे होती. आपल्या पदरीं दोन अलौकिक माणसें आहेत, अशी तो बढाई मारी. एक मायकेल अँजेलो. दुसरा एक स्पॅनिश नोकर, जो भरधांव घोड्यालाही पुढें जाऊं देत नसे. ज्याच्या तराजूंत हे दोघे सारखे भरत, त्याला राज्यकारभारांतलें जड आणि हलकें कळावें कसें? त्याच वर्षीं फ्रान्सचा राजा आठवा चार्लस् सैन्य घेऊन इटलींत उतरला. पिएरोनें घाबरून महत्त्वाचे किल्ले त्याच्या स्वाधीन केले. नागरिक खवळले, आणि ९ नोव्हेंबरला मेदिची घराण्यास शहर सोडून पळावें लागलें. संकटाची चाहूल लागून मायकेल अँजेलो त्याआधींच निघून गेला होता. वाडा लुटला गेला. चौकांतील डेव्हिड १४९५ सालीं नगरसभेच्या वाड्यांत नेण्यांत आला. पिएरो १५०३ सालीं गारिल्यानो नदींत बुडून मेला, पुन्हां फ्लॉरेन्सला न येतां.

हिमाचे पुतळे करण्याची हौस मात्र एकट्या पिएरोची नव्हती. १५११ च्या जानेवारींत पुन्हां मोठें हिम पडलें, तेव्हां चांगल्या चांगल्या कारागिरांनीं रस्तोरस्तीं हिमाचे सिंह घडविल्याचें लांदुच्ची नोंदवितो. सिंह हें त्या नगराचें चिन्ह. कॅथेड्रलच्या घंटाघराजवळ एक प्रचंड सिंह झाला, पाझ्झी घराण्याच्या कोपऱ्यावर मनुष्याकृति उभ्या राहिल्या, आणि मेदिचींच्या वाड्यापासून जवळच असलेल्या सान लोरेन्झोच्या गल्लींत तर किल्ल्यांसह एक नगर व पुष्कळशीं गलबतें तयार झालीं. मायकेल अँजेलोचा संगमरवरी डेव्हिड तोंवर नगरसभेच्या दाराशीं सात हिंवाळे उभा होता, आणि रोममध्यें सिस्टाइन चॅपेलच्या छताचें त्याचें काम अर्ध्यावर होतें.