एका ‘इंडियन्स’चे झाले चार, काय आहे ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’?

कॉम्प्युटरवर गाव वसवायचं, लाकूड-धान्य गोळा करायचं, सैन्य उभं करायचं आणि शत्रूचा किल्ला पाडायचा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गेम १९९९ मध्ये आला आणि आजही खेळला जातो. इथं बुद्धिबळासारखी पाळी नसते. सगळे खेळाडू एकाच वेळी चाली करतात. मात्र या गेममध्ये भारत सुरुवातीला नव्हताच.

२०१३ च्या ‘द फरगॉटन’ या विस्तार पॅकमध्ये ‘इंडियन्स’ आले. पण काबूलपासून तंजावरपर्यंत सगळ्यांना एकच नाव आणि एकच सैन्य! ही अडचण २८ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने बरीचशी दूर केली. हा पॅक खेळायला मूळ गेमची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ लागते.

चार संस्कृती कोणत्या?

जुन्या ‘इंडियन्स’चे ‘हिंदुस्तानी’ झाले. बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर हे तीन नवे.

- हिंदुस्तानी : उंटदळ भक्कम. व्यापारी गाड्यांचा वेग वाढवणारी कारवान सराई बांधता येते.
- बंगाली : भर हत्तींवर. ‘रथ’ दुरून बाण मारतो, गरज पडली तर जवळूनही लढतो.
- द्रविडियन : आरमार आणि पायदळ तगडं, घोडदळ कमकुवत. ‘उरुमी’ ही लवचिक तलवार चालवणारे सैनिक यांची खासियत.
- गुर्जर : चक्र फेकणारे सैनिक. मेंढ्या कापण्याऐवजी गिरणीत ठेवल्या तर अन्न सतत मिळत राहतं.

युरोपी धाटणीचे ‘नाइट’ घोडेस्वार चौघांनाही मिळत नाहीत. दरवाजे फोडायला ओंडक्याच्या गाडीऐवजी चिलखती हत्ती आहेत. यात तथ्य आहे. हत्तींची धडक अडवण्यासाठी दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजांवर ठोकलेले लोखंडी खिळे आजही पाहायला मिळतात.

मोहिमा

पॅकमध्ये तीन मोहिमा असून प्रत्येकीत पाच लढाया आहेत. बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल घराण्याचा देवपाल हे त्यांचे नायक. १५२६ ची पानिपतची पहिली लढाई आणि १०२५ च्या सुमारास चोळ आरमाराने श्रीविजयावर केलेली स्वारी ही त्यामागची इतिहासातली मोठी नावं. पृथ्वीराजाची जुनी मोहीम आता गुर्जरांकडून खेळली जाते.

महाराष्ट्र कुठे?

या पॅकमध्ये दख्खनला स्वतंत्र स्थान नाही. शिवकाल सतराव्या शतकातला. गेममधल्या लढाया साधारण सोळाव्या शतकापर्यंतच्या, त्यामुळे मराठे नसणं समजू शकतं. पण वेरूळचं कैलास लेणं खोदवणारे राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव आणि बहमनी हे तिन्ही याच काळातले. पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट यांच्यात कनौजसाठी दीर्घ संघर्ष झाला. त्यातल्या पालांना बंगाली आणि प्रतिहारांना गुर्जर या नावाखाली जागा मिळाली. राष्ट्रकूटांच्या वाट्याला मात्र वेगळी संस्कृती आली नाही.

म्हणून पोरांनी हा गेम जरूर खेळावा, पण त्याला इतिहासाचं पुस्तक समजू नये. गेममध्ये नकाशा आणि लढाई स्वतः तयार करण्याची सोय आहे. देवगिरीचा वेढा कुणाला मांडायचा असेल, तर ती वाट मोकळी आहे.