शेनानडोआचे दगडी कठडे

मंडळी, मुलं-नातवंडं अमेरिकेत असल्याने आपल्यापैकी बऱ्याच जणांचं व्हर्जिनियातलं शेनानडोआ नॅशनल पार्क बघून झालं असेल. तिथे डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा १०५ मैलांचा रस्ता जातो. सगळे फोटो काढतात दरीचे. मी म्हणतो, रस्त्याकडेचे दगडी कठडेही बघा.

१९२९ नंतरच्या महामंदीत बँका बुडाल्या, तरुण पोरं बेकार झाली. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना काढली. पगार महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी जायचे. म्हणजे मनीऑर्डरच की! या पोरांनी कठडे रचले, उतार नीट केले, झाडं लावली. रोगाने मेलेल्या चेस्टनट झाडांचं लाकूडही बांधकामाला वापरलं. १९४२ मध्ये योजना बंद झाली, पण दगडकाम आजही उभं आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या आपल्या भाऊबंदांनीही खडी फोडली, पाझर तलाव बांधले. पोटासाठी केलेलं काम कमी दर्जाचं, असं कोणी म्हणू नये.

मात्र आम्हा बँकवाल्यांना जमेसमोर नावेही बघायची सवय. या पार्कसाठी ५०० च्या आसपास डोंगरी कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. काही गेली, काहींना हलवलं. तेव्हा नातवंडांना कठडा दाखवाल, तर रचणाऱ्यांबरोबर उठून गेलेल्यांचंही सांगा. हिशेब तेव्हाच जुळतो.