नरक्या वृक्षातील औषध आणि त्याचे वाहन

औषधाचा गुण द्रव्याइतकाच त्याच्या वाहनावरही अवलंबून असतो, हे आपल्या वैद्यकास पूर्वीपासून ज्ञात आहे. मध, तूप, दूध ही अनुपाने वैद्यांनी याच विचाराने योजिली. आधुनिक औषधिशास्त्रात हा विचार अनुभवान्ती कसा रुजला, हे कॅम्प्टोथेसिन या वनस्पतिज द्रव्याच्या इतिहासावरून दिसून येते.

खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी हे मुंबई विद्यापीठाचे एम. एस्सी. होत. अमेरिकेत मन्रो वॉल व अन्य सहकारी यांच्यासह त्यांनी एका चिनी वृक्षातून मिळालेल्या या कर्करोगविरोधी द्रव्याची रेणुरचना १९६६ साली प्रसिद्ध केली. पुढे १९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या वृक्षात आढळले.

परंतु हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून प्रारंभीच्या चाचण्यांत रुग्णांना त्याचा विद्राव्य सोडियम क्षार देण्यात आला. त्यात रेणूतील ज्या वलयावर गुण अवलंबून असतो तेच उघडले जाते. परिणाम उणावला, मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह उद्भवला आणि चाचण्या थांबल्या.

पुढे रसायनज्ञांनी मूळ रेणूत फेरफार करून इरिनोटेकॅन सिद्ध केले; तथापि रक्तात वलय उघडण्याचा दोष त्यातही राहिला. त्यावर उपाय वाहनाने दिला. स्निग्ध द्रव्ये पाण्यात सूक्ष्म बंद पुटिका बनवितात, हे इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखविले होते. सुमारे ११० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे नऊ हजाराव्या भागाएवढ्या, व्यासाच्या अशा पुटिकांत इरिनोटेकॅन भरले असता आतील आम्लतेमुळे वलय अभंग राहते आणि औषध रक्तात अधिक काळ टिकते. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर, अन्य औषधांच्या जोडीने, अमेरिकेत त्यास २०१५ साली मान्यता मिळाली. चाचणीत या जोडीने रुग्णांचे मध्यक आयुर्मान ४.२ महिन्यांवरून ६.१ महिने झाले. लाभ अल्प खरा. परंतु पूर्वीचे उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांना तो मिळाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या इतिहासाची दुसरी बाजू सह्याद्रीत आहे. इरिनोटेकॅन मुख्यत्वे नैसर्गिक कॅम्प्टोथेसिनपासूनच बनविले जाते. त्याच्या परदेशी मागणीपायी नरक्याची बेकायदा तोड झाली आणि अनेक ठिकाणी हा वृक्ष दुर्मीळ झाला. वाहनाने रेणूचे रक्षण साधले. ज्या वृक्षातून तो येतो त्याच्या रक्षणासाठी मात्र लागवड आणि वनसंरक्षण यांवाचून अन्य मार्ग नाही.