काडीमोड ते कोर्ट

काडीमोड हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत जुनाच. कित्येक जातींत पंचांसमोर काडीमोड होई. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत मात्र बाईला तीही वाट नव्हती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना 1887 साली मुंबई हायकोर्टाने फर्मावले: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करेन, पण नांदायला जाणार नाही!

पुढे 1947 मध्ये मुंबई प्रांताने आणि 1955 मध्ये देशाने हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. 1976 पासून वर्षभर वेगळे राहिलेले जोडपे संमतीने अर्ज करू लागले. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार तर वकील लावणे हा हक्क नाही; न्यायालयाने परवानगी दिली तरच वकील.

आज नवी मुंबईतली बाईदेखील ई-फायलिंगने स्वतः अर्ज धाडू शकते. संमती खरी आहे ना, हे मात्र न्यायाधीशच पारखतात. म्हणून गुरुजींनो, गावात एवढे सांगा: वाचल्याशिवाय सही करू नका.